निकाल फुकट, जबान्या विकत

प्रति,
राज्यातल्या सर्व जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांचे मा. सचिव
आणि सर्व मा. प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश

सप्रेम नमस्कार.

सत्र न्यायालयात मी ३१ वर्षं लघुलेखक होतो. निवृत्तीनंतर विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलं. आता दर बुधवारी एका कारागृहातल्या विधी सहाय्य केंद्रात बसतो. कारागृह कोणतं आणि ज्या खटल्याबद्दल पुढे लिहिणार आहे तो कोणत्या कोर्टातला, हे मुद्दाम लिहीत नाही. मला कुणा एका कारकुनाची तक्रार करायची नाही. तो कारकून नियमाप्रमाणेच वागला, आणि म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहितो आहे.

गेल्या पावसाळ्यात एक ऊसतोड मजूर माझ्यासमोर येऊन बसला. वय तिशीच्या आत-बाहेर. फडावर रात्री झालेल्या भांडणात एक माणूस गेला, त्या गुन्ह्यात याला सात वर्षं सक्तमजुरी लागलेली. खताच्या गोणीतली आतली प्लास्टिकची पिशवी असते ना, तसल्या पिशवीत त्याने निकालाची प्रत घडी करून ठेवली होती. पानं ४२, निकाल इंग्रजीत. याला मराठीही वाचता येत नाही. ती पिशवी त्याने माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, "साहेब, ती बाई कोर्टात म्हणली होती, कोयत्याचं पोलिसांच्या कागदात का न्हाई ते मला म्हाईत न्हाई म्हणून. ते यात लिवलंय का बघा."

मी ४२ पानं वाचली. त्या बाईच्या उलटतपासणीबद्दल निकालात एकच वाक्य होतं: उलटतपासणीत बचावपक्षाला उपयोगी असं काही निष्पन्न झालेलं नाही. कोयत्याचं काहीच नव्हतं.

आता हे वाक्य चूक की बरोबर, हे मी कसं सांगणार? ते ठरतं जबानीवरून. निकालावरून ठरतच नाही. आणि जबानी त्याच्याकडे नव्हती.

कोर्टाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो, तुम्हाला ते ठाऊकच आहे. पोलिसांपुढे देतात तो जबाब. कोर्टात शपथेवर देतात ती साक्ष, तिलाच आम्ही जबानी म्हणतो. आपल्याकडे साक्षीचा शब्दन् शब्द टिपून घेतला जात नाही. वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार उत्तर देतो आणि न्यायाधीश त्या दोन्हीचं मिळून एक वाक्य करून लघुलेखकाला सांगतात. "हे म्हणणे खरे आहे की, घटनेच्या ठिकाणी अंधार होता." "मी आरोपीविरुद्ध खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही." अशी वाक्यं मी किती हजार वेळा टाइप केली असतील याचा हिशेब नाही. आधी टाइपरायटरवर, कार्बन लावून. मग संगणकावर. शेवटी साक्षीदाराला वाचून दाखवायचं, त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा, न्यायाधीशांची सही, की झाली जबानी.

या सगळ्या वाक्यांमध्ये एक वाक्य असं आहे की ते टाइप करताना माझी बोटं क्षणभर थांबायची. "पोलिसांना जबाब देतेवेळी मी ही बाब सांगितली होती. ती माझ्या जबाबात का नमूद नाही, याचे कारण मी सांगू शकत नाही." दिसायला साधं आहे. पण याचा अर्थ असा की साक्षीदार आज कोर्टात जे सांगतोय ते घटनेनंतर पोलिसांना सांगितल्याची नोंद नाही. वकील लोक याला ओमिशन म्हणतात. पुढे तपासी अंमलदार साक्षीला येतो तेव्हा त्याला हेच विचारतात आणि त्याने "असे साक्षीदाराने मला सांगितले नव्हते" म्हटलं की ते ओमिशन शाबीत होतं. फौजदारी अपिलं या दोन वाक्यांवर उभी राहतात आणि पडतात. ही वाक्यं असतात जबानीत. निकालात ती येतीलच असं नाही. न्यायाधीशांना ती महत्त्वाची वाटली तर येतात. आणि न्यायाधीशांना ती महत्त्वाची वाटायला हवी होती, हेच तर अपिलात म्हणायचं असतं.

त्या मजुराच्या कानावर ते वाक्य आरोपीच्या पिंजऱ्यात उभं असताना पडलं होतं. ते त्याने पाठ धरलं होतं. कागदावर त्याच्याकडे काही नव्हतं.

त्याची बायको नक्कल विभागात गेली. गावाहून एसटीने येऊन, एक दिवसाचा रोज बुडवून. अकरा साक्षीदारांच्या जबान्या, त्यात पंचनामे, शवविच्छेदनाचा अहवाल, आरोपीचा कोर्टापुढचा जबाब. पानं भरपूर होतात आणि नकलेचा आकार पानामागे असतो. खिडकीवर तिला सांगितलं, निकाल मोफत मिळालाय ना, बाकीच्याला पैसे लागतील. तिच्याकडे होते तेवढ्यात दोन साक्षीदार बसत होते. तिने मला फोन केला आणि विचारलं, "कुनाकुनाची घिऊ?"

अकरापैकी दोन निवडायचे होते, नवऱ्याची सात वर्षं त्यावर ठरणार होती, आणि नक्कल विभागाच्या खिडकीपुढे रांगेत उभी राहून ती मला विचारत होती. मी म्हटलं, ती बाई आणि तपासी अंमलदार. दुसरं सुचणंच शक्य नव्हतं. डॉक्टरांची जबानी राहिली. जखम कशाने होऊ शकते, कोयत्याने की दगडावर पडल्याने, याबद्दल डॉक्टर उलटतपासणीत काय म्हणाले ते या पत्राच्या घडीला त्या मजुराच्या बाजूच्या कुणीच वाचलेलं नाही. अपील दाखल झालं आहे. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यामुळे त्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही.

खिडकीवरच्या माणसाने कायद्याबाहेरचं काही सांगितलं नव्हतं. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३६३ होतं, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ४०४ झालं, मजकूर जवळपास तोच. कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत लगेच आणि मोफत द्यायची. जबानी किंवा रेकॉर्डचा इतर भाग हवा असेल तर अर्ज करायचा आणि ठरलेला आकार भरायचा. पण त्याच पोटकलमाला एक परंतुक आहे: विशेष कारण असेल तर न्यायालय ही प्रतही मोफत देऊ शकतं. माझ्या ३१ वर्षांत हे परंतुक वापरल्याचा आदेश मला एकदाही टाइप करावा लागला नाही. कुणी मागितलं नाही, म्हणून कुणी दिलं नाही. आणि मागायचं असतं हे ठाऊक असणारा माणूस बहुधा पैसे भरू शकणाराही असतो.

प्रमुख न्यायाधीश महोदय, गरिबी हे विशेष कारण नाही का? तुरुंगात असणं नाही का?

सचिव महोदय, तुमच्या बाजूची स्थिती तर याहून स्पष्ट आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतली कुठलीही व्यक्ती मोफत विधी सेवेला पात्र आहे. तिच्या उत्पन्नाचा दाखलाही विचारायचा नसतो. आणि मोफत विधी सेवेत काय काय येतं याची जी यादी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण स्वतः लोकांना सांगतं, तिच्यात वकील आहे, कोर्ट फी आहे, अपिलाचा मसुदा आणि पेपरबुक, म्हणजे अपिलासाठी एकत्र बांधलेले कागद, आहे, आणि निकाल, आदेश व साक्षीपुराव्याच्या नोंदी यांच्या प्रमाणित प्रती पुरवणंही आहे. साक्षीपुराव्याच्या नोंदी म्हणजे जबान्याच. म्हणजे त्या मजुराच्या बायकोने खिडकीवर जे पैसे मोजले ते तिने मोजायचे नव्हतेच. ते तुमच्या कार्यालयाने मोजायचे होते, किंवा कुणीच मोजायचे नव्हते. तिला हे कुणी सांगितलं नाही. आणि मीसुद्धा त्या फोनवर हे सांगितलं नाही, कारण तोवर ही यादी मी नीट वाचली नव्हती. तिचे पैसे गेल्यावर वाचली. हे मला अजून लागतं.

यावर कुणी म्हणेल, पॅनेलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाने मोफत दिलेल्या वकिलाने अर्ज केला असता तर मिळाल्या असत्या. बरोबर आहे. पण खालच्या कोर्टातला पॅनेल वकील निकालानंतर मोकळा होतो. उच्च न्यायालयातला वकील मुंबईत, नागपुरात, छत्रपती संभाजीनगरला किंवा कोल्हापुरात बसतो, आरोपीला त्याने पाहिलेलं नसतं आणि त्याच्या हातात पडतो तो फक्त निकाल. दोघांच्या मध्ये जी फाईल जायला हवी ती जात नाही. त्या पोकळीत कैदी असतो. १९८६ मध्ये सुक दास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोपीने मागितला नाही म्हणून मोफत वकिलाचा हक्क बुडत नाही. ज्याला हक्क आहे हेच माहीत नाही तो मागणार कसा? वकिलाला लागू पडतं ते वकिलाला लागणाऱ्या कागदांना लागू पडत नाही, असं कोणत्या तर्काने म्हणायचं?

निकालाची मोफत प्रत कैद्याच्या हातात पडलीच पाहिजे, हा आग्रहही आपल्याच राज्यातल्या एका खटल्यातून आला, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो. एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, ऑगस्ट १९७८. होसकोट हे विद्यापीठातले प्रपाठक (रीडर). बनावट पदवीसाठी दुसऱ्या विद्यापीठाचे शिक्के मुंबईत बनवून घेण्याचा प्रयत्न केला असा आरोप. सत्र न्यायालयाने कोर्ट उठेपर्यंतची किरकोळ शिक्षा दिली, ती उच्च न्यायालयाने १९७३ मध्ये वाढवून तीन वर्षं केली. सर्वोच्च न्यायालयात ते चार वर्षांहून जास्त उशिराने गेले, तोवर शिक्षा भोगूनही झाली होती. उशीर का? तर निकालाची प्रतच मिळाली नाही, असं त्यांचं म्हणणं. उच्च न्यायालयाने मोफत प्रत येरवड्याच्या अधीक्षकांकडे वेळेत पाठवली होती. अधीक्षक म्हणाले, आम्ही दिली होती, पण राज्यपालांकडे दयेचा अर्ज पाठवताना त्याला जोडायला परत घेतली. होसकोट म्हणाले, मला मिळालीच नाही. आणि मिळाल्याची सही कुठेच नव्हती.

होसकोट यांची याचिका फेटाळली गेली. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निमित्ताने जे लिहिलं ते आजही प्रत्येक तुरुंगाला बंधनकारक आहे: शिक्षा देणाऱ्या न्यायालयाने निकालाची मोफत प्रत तत्काळ द्यावी, तुरुंगात पाठवली तर अधिकाऱ्याने ती विनाविलंब कैद्याला द्यावी आणि त्याची लेखी पोच घ्यावी. त्यामागचं तत्त्व मोठं होतं. अपिलाचा हक्क फलद्रूप करणारी प्रत्येक पायरी बंधनकारक आहे आणि तो हक्क खच्ची करणारी प्रत्येक कृती, निष्क्रियतासुद्धा, राज्यघटनेच्या २१ व्या कलमात, म्हणजे जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कात, बसत नाही. प्रत्येक पायरी, असं त्यांनी म्हटलं. आपण पहिल्या पायरीवर थांबलो. आज मी बुधवारी ज्याला ज्याला विचारतो त्याच्याकडे निकालाची प्रत असते आणि पोच-वहीत त्याचा अंगठाही असतो. १९७८ चा आदेश तेवढ्यापुरता पाळला जातो. आणि तो पाळता येतो हे दिसतं, म्हणूनच मला पुढची पायरी अशक्य वाटत नाही.

ती पायरी अमेरिकेत होसकोटच्याही २२ वर्षं आधी चढून झाली होती. शिकागोच्या कुक काउंटीत ग्रिफिन आणि क्रेन्शॉ या दोघांना सशस्त्र दरोड्याबद्दल शिक्षा झाली. अपिलासाठी खटल्याच्या कामकाजाची लघुलेखकाने टिपलेली प्रत लागत होती आणि ती विकत घ्यावी लागत होती. इलिनॉय राज्य ती मोफत देत होतं, पण फाशीची शिक्षा झालेल्यांनाच. २३ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हे घटनेच्या विरुद्ध ठरवलं. न्यायमूर्ती ब्लॅक यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणसाला मिळणारा खटला त्याच्या खिशातल्या पैशांवर ठरत असेल तर तिथे समान न्याय नाही. राज्याने अपिलाची सोय करायलाच हवी की नको हा वेगळा प्रश्न. पण एकदा केली की ती फक्त पैसेवाल्यांसाठी ठेवता येत नाही. दर वेळी संपूर्ण प्रतच विकत घेऊन द्या असंही त्यांनी म्हटलं नाही. अपील खरोखर चालवता येईल असा दुसरा मार्ग असेल तर तो चालेल. पुढे १९७१ मध्ये शिकागोच्याच मेयर खटल्यात, ज्यात तुरुंगवास नव्हता, नुसता दंड होता, त्यातही हाच नियम लागू केला. पूर्ण प्रत नको, कमी भागही पुरेल, हे दाखवायची जबाबदारी राज्यावर टाकली, गरीब आरोपीवर नाही.

मी लघुलेखक होतो, म्हणून असेल, पण तो निकाल वाचताना मला सारखं वाटत होतं की हा माझ्या कामाबद्दल आहे. मी टाइप केलेली पानं न्यायाधीशांसाठी होती, सरकारी वकिलांसाठी होती. ज्याच्या आयुष्याबद्दल ती होती त्याच्यासाठी ती विकत होती.

आता एक आक्षेप असा येईल की अपील दाखल झालं की उच्च न्यायालय मूळ रेकॉर्ड मागवतंच, मग वेगळ्या प्रती कशाला? याचं उत्तर वेळेत आहे. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात जायला मुदत ६० दिवस. निकालाच्या नकलेला लागलेले दिवस त्यातून वगळतात, जबान्यांच्या नकलेला लागलेले वगळत नाहीत. त्या मुदतीत अपिलाची कारणं लिहायची असतात. जबान्या नसल्या की वकील काय लिहिणार? निकाल कायद्याला धरून नाही, पुराव्याचं मूल्यमापन चुकलं, आरोपी निर्दोष आहे. तुरुंगातून जाणारी अपिलं मी पाहतो, नाव आणि गुन्हा क्रमांक बदलला तर मजकूर एकच. अपील पहिल्याच टप्प्यावर फेटाळायचं असेल तर त्याआधी रेकॉर्ड मागवायला न्यायालय बांधील नाही, असं कायदा स्पष्ट म्हणतो. आणि अपील दाखल करून घेतलं तरी शिक्षा स्थगित करून जामीन मिळावा म्हणून जो अर्ज होतो, तो तिथेच, सुरुवातीलाच चालतो. ज्याचा खाजगी वकील जबान्यांचं बाड टाचून उभा राहतो, तो पान आणि परिच्छेद दाखवतो. ज्याच्याकडे बाड नाही त्याला रेकॉर्ड येईपर्यंत तारीख. अंतिम सुनावणी कधी होईल कुणी सांगू शकत नाही, सात वर्षांची शिक्षा मात्र रोज एक दिवसाने भोगून होत असते.

२०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जितेंद्र कुमार रोडे यांच्या प्रकरणात, खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड गहाळ झालेलं असताना शिक्षा कायम ठेवता येत नाही असं म्हणून ती रद्द केली. रेकॉर्डशिवाय न्यायाधीशांना अपील ठरवता येत नाही. मग रेकॉर्डशिवाय कैद्याने ते लिहावं, ही अपेक्षा आपण कशी करतो?

मी मागतो ते फार नाही. जबान्या आता सगळीकडे संगणकावर टाइप होतात. शिक्षा सुनावली त्या दिवशी त्या फाईल्स कोर्टाच्या संगणकातच असतात. निकालाची प्रत काढताना त्याच वेळी सर्व जबान्या, आरोपीचा कोर्टापुढचा जबाब आणि निशाण्यांची, म्हणजे पुराव्यात दाखल कागदांची आणि वस्तूंची, यादी यांचीही एक प्रत निघू शकते. छापायला कागद जास्त लागतो म्हणत असाल तर पीडीएफ तुरुंगाच्या विधी सहाय्य केंद्राला पाठवा आणि दुसरी उच्च न्यायालय विधी सेवा समितीला. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात पीडितेची ओळख झाकूनच प्रत गेली पाहिजे, तिथे ती फक्त वकिलाकडे द्या. पण अर्ज आल्यावर, आकार भरल्यावर, टंचाईतल्या पाण्यासारखं पानं मोजून देणं थांबवा.

यासाठी कायदा बदलायची वाट पाहू नका. कलम ४०४ चं परंतुक हातात आहे. प्रमुख जिल्हा न्यायाधीशांनी बैठकीत सांगितलं की कोठडीतल्या गरीब आरोपीची स्थिती हेच विशेष कारण समजावं, तर निकालाच्या शेवटच्या परिच्छेदात एक ओळ वाढेल. "आरोपीस निकालाची व सर्व साक्षींची प्रत विनामूल्य देण्यात यावी." मी लघुलेखक आहे, मला माहीत आहे ही ओळ टाइप करायला किती वेळ लागतो. आणि ज्या जिल्ह्यात अशी ओळ येत नाही, तिथल्या प्राधिकरणाच्या सचिवांनी शिक्षा झालेल्यांची यादी तुरुंगाकडून दर आठवड्याला मागवावी आणि नकलेचा अर्ज स्वतः करावा. कैद्याने नाही, त्याच्या बायकोने तर नाहीच.

भाषेचंही थोडं. १९९८ पासून आपल्या जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. जबान्या पुष्कळदा मराठीतच असतात, निकाल मात्र अनेकदा इंग्रजीत येतो. म्हणजे कैद्याला मोफत मिळतं ते त्याला कळत नाही आणि जे वाचून दाखवलं तर कळेल ते विकत. त्या मजुराला मी त्या बाईची जबानी वाचून दाखवली तेव्हा सातव्या परिच्छेदाला त्याने माझा हात धरला. "हेच, साहेब. हेच म्हणली होती ती." त्याला आठवत होतं ते जवळजवळ शब्दशः होतं.

डॉक्टरांच्या जबानीसाठी मी आता प्राधिकरणाकडे रीतसर अर्ज दिला आहे, मोफत मिळावी म्हणून. पोच माझ्याकडे आहे. बुधवारी गेलो की तो विचारतो, आली का? तुमच्यापैकी ज्यांच्या टेबलावर असे अर्ज असतील त्यांनी ते आज वर काढावेत. वाचून दाखवायचं काम मी करतो.

आपला,
एक निवृत्त लघुलेखक आणि विधी स्वयंसेवक